राहणे

जाहिरातीत खोलीची लांबी-रुंदी होती, भाडे होते आणि शेवटी एकच वाक्य होते : 'ही त्स्वेक-वेगे नाही.' 'वेगे' ही वोनगेमाइनशाफ्ट या लांबलचक जर्मन शब्दाची आद्याक्षरे. चारपाच जणांनी मिळून एक घर भाड्याने घ्यायचे, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि संडास सामाईक, अशी ती राहणी. 'त्स्वेक' म्हणजे हेतू. केवळ भाडे परवडावे या हेतूने एकत्र आलेल्या, जिन्यात भेटल्यावर मान हलवण्यापुरता संबंध ठेवणाऱ्या माणसांचे घर ते त्स्वेक-वेगे. आपण तसे नाही, आपण एकत्र जेवतो, बोलतो, भांडतो, हे जाहिरातीतच सांगून टाकण्याची बर्लिनमध्ये चाल आहे. माझा हेतू मात्र अगदी तोच होता. 2016 चा ऑक्टोबर होता, हाती दोन वर्षांची संशोधनवृत्ती होती आणि वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत माझे नाव फार खाली होते. मला खोली हवी होती. माणसे नको होती असे नाही. त्यांचा विचारच मी केला नव्हता.

खोली मिळण्याआधी मुलाखत होते. नॉयक्योल्न भागात कालव्याजवळच्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिघे जण बसले होते. साठी ओलांडलेली, नाटकांच्या प्रकाशयोजनेचे काम करून निवृत्त झालेली एक बाई. पोर्तुगालहून आलेला, व्हायोलिन दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस. आणि दक्षिणेकडच्या श्वाबेनमधून आलेला वैद्यकीचा एक विद्यार्थी. घर कागदोपत्री बाईंच्या नावे होते. त्या मालकीण नव्हेत, मुख्य भाडेकरू. बाकीचे त्यांचे पोटभाडेकरू. मी काय शिकते, कधी उठते, मांसाहार चालतो का, असे प्रश्न झाले. मग बाईंनी विचारले, "भांडण झालं की तू काय करतेस?"

"आमच्याकडे भांडणं होत नाहीत," मी म्हणाले.

तिघेही हसले. बाईंनी समोरची चौकटीची वही ओढून माझे उत्तर लिहून घेतले.

मग घर दाखवताना ते एकेक करून दिलगीर होऊ लागले. संडासात खिडकी नाही. गरम पाणी दहा मिनिटेच पुरते. आणि न्हाणी, म्हणजे काचेच्या दाराचा एक उभा खोका, स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या शेगडीपासून तीन पावलांवर. विद्यार्थी घाईघाईने सांगू लागला, की बाहेरून पडदा आहे, आणि कोणी आत असले की बाकीचे पाठ करून बसतात. माझ्या आधी खोली पाहून गेलेल्या दोघींनी या खोक्यामुळेच नकार दिला होता म्हणे. मला हसू आवरेना. गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत मोरी स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात होती. आई पोळ्या लाटत असताना पाच फुटांवर, दोरीवर टाकलेल्या साडीच्या आडोशाने आम्ही सगळे आंघोळी करत वाढलो. सहा हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडून आल्यावर समोर मोरी उभी राहावी, हा मला शुभशकुन वाटला. मी त्यांना तसे सांगितले. त्यांना ते सौजन्य वाटले असावे.

या साम्यात योगायोग फारसा नाही, हे पुढे वाचनातून कळत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांसाठी माणसे बर्लिनला लोटू लागली. 1862 साली होब्रेख्ट या अभियंत्याच्या आराखड्याने शहराचे रस्ते आखले गेले आणि रस्त्यांमधल्या मोठमोठ्या चौकोनांत बांधणाऱ्यांनी इमारतीमागे इमारत, तिच्यामागे आणखी एक, अशा ओळी भरल्या. दोन इमारतींच्या मध्ये अंगण. 1853 च्या नियमाप्रमाणे ते निदान 5.34 मीटर लांबरुंद असावे लागे. आगीच्या बंबाला वळता यावे एवढेच. वेडिंग भागातल्या मायर्स होफ या इमारतीला अशी एकामागे एक सहा अंगणे होती. ती 1972 मध्ये पाडली. या घरांना लोक 'मीट्सकासेर्ने', भाड्याच्या बराकी, म्हणत. गिरणगावातल्या चाळींचे आणि यांचे कुळ एकच : कारखाना आधी, माणूस नंतर, पाण्याचा नळ सर्वांत शेवटी. संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, दोन-तीन बिऱ्हाडांत एक. न्हाणी नव्हतीच. पुढे जेव्हा ती घरात आणायची वेळ आली, तेव्हा नळ जिथे होता तिथेच ती बसली, म्हणजे स्वयंपाकघरात.

माझी खोली मात्र खरोखर तऱ्हेवाईक होती. तिला 'बर्लिनर त्सिमर' म्हणतात. रस्त्याकडची इमारत आणि अंगणाच्या कडेने मागे जाणारी बाजूची इमारत जिथे काटकोनात मिळतात, त्या कोपऱ्यात ही मोठी खोली असते. पण तिला खिडकी एकच, तीही अंगणाकडच्या कोपऱ्यात. शिवाय तिला दोन दारे होती, कारण घराच्या पुढच्या भागातून मागच्या भागात जायचा रस्ता तिच्यातूनच जातो. बाईंनी एका बाजूने उंच कपाटांची भिंत उभी करून बोळ काढला होता. म्हणजे मी झोपलेली असताना कपाटांपलीकडून माणसे ये-जा करत. मला याचाही त्रास झाला नाही. चाळीच्या गॅलरीत रात्रभर पावले वाजतात. मला शांततेची भीती वाटते, वर्दळीची नाही.

त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टींचा.

पहिला त्रास हाक मारण्याचा. घरात सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणत आणि पहिल्या नावाने हाक मारत. विद्यार्थ्याचे ठीक होते. पण माझ्या आईपेक्षा वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची? 'काकू'ला जर्मनमध्ये सोय नाही. आडनावाला 'फ्राउ' लावून 'झी', म्हणजे 'तुम्ही', म्हणावे तर ते त्यांना घराबाहेर उभे केल्यासारखे. मी आपल्या बायकांचा जुना मार्ग पत्करला : हाकच मारायची नाही. त्या ज्या खोलीत असतील तिथे जाऊन, त्यांचे लक्ष जाईपर्यंत उभी राहायचे. दरवाजात खाकरायचे. क्रियापदे अशी वापरायची की कर्त्याची गरज पडू नये. माझे कर्मणी प्रयोगाचे जर्मन त्या काळात फार सुधारले.

दुसरा त्रास वहीचा. बाई या घरात 1984 पासून राहत होत्या. तेव्हा हे पश्चिम बर्लिन होते आणि थोडे चालत गेले की भिंत लागायची. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी या घराची बैठक होई आणि जे ठरे ते वहीत लिहिले जाई. अशा वह्यांची एक फळीच होती. मीठ, तेल, साबण सामाईक. चीज आणि कॉफी ज्याची त्याची. तपकिरी पिंपात ओला कचरा, निळ्यात कागद. पांढरी आणि रंगीत काच वेगवेगळी, आणि रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो. पंचवीस सेंट अनामतीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि आठ सेंटच्या बिअरच्या बाटल्या पिंपात न टाकता शेजारी ठेवायच्या. त्या गोळा करून पोट भरणारे लोक आहेत. इथपर्यंत सगळे शहाणपणाचे होते. पण बैठकीत एक कायमचा विषय असे : 'कोणाला काय खुपते?' आणि त्यावर खरोखर बोलत! विद्यार्थी म्हणे, तू भांडी घासून उलटी ठेवतेस, त्यामुळे खालचे लाकूड कुजते. व्हायोलिनवाला म्हणे, तुला मुलगा व्हायचे डोहाळे लागलेत का, रात्री एकला दारे आपटतोस. सगळ्यांसमोर, चहा पीत, आवाज न चढवता. आणि पाच मिनिटांनी तेच लोक एकमेकांना ब्रेड देत असत.

मी लाजेने अर्धमेली होई. आमच्याकडे खुपते ते सांगत नाहीत. ज्याचे त्याने ओळखायचे असते. आई रागावली की भाजीत मीठ बरोबर असे, पण ताट ठेवताना आवाज होई, आणि त्या आवाजावरून आम्ही मागच्या आठवड्याचा अपराध शोधून काढत असू. ती मला एक सूक्ष्म, प्रगल्भ भाषा वाटत होती. अजूनही वाटते. तिचा तोटा एवढाच की ती ज्याला येत नाही त्याच्यापुढे आपण मुके असतो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी माझी सफाईची पाळी होती. मी आईसारखीच सुरुवात केली : बादलीभर पाणी फरशीवर ओतले आणि खराटा शोधू लागले. फरशी लाकडी होती. पाणी फळ्यांच्या सांध्यांतून मुकाट्याने तिसऱ्या मजल्यावर गेले. खालच्या गृहस्थांनी वर येऊन जे सांगितले त्यातले निम्मे मला कळले नाही, हे बरेच झाले. वहीत नोंद झाली : 'पाणी ओतायचे नाही. तिने विचारले नाही. आम्ही सांगितले नाही. दोन्ही बाजू चुकल्या.' श्वाबेनमध्ये जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते आणि ती मोडणे हे पाप मानतात, त्यामुळे विद्यार्थ्याला माझ्या उत्साहाचे कौतुक वाटले असावे.

या तऱ्हेच्या राहणीला इतिहास आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो विशेष गमतीचा वाटेल. 1967 च्या सुरुवातीला पश्चिम बर्लिनमध्ये 'कोमून 1' नावाचे सहजीवन काही तरुणांनी सुरू केले. कुटुंब हीच फॅसिझमची पाळणाघरे असल्याने ती मोडून नव्याने एकत्र राहायचे, हा विचार. पण विचाराला जागा लागते. ती आधी मिळाली कवी एन्त्सेन्सबर्गर यांच्या रिकाम्या घरात, आणि मग कादंबरीकार ऊवे जॉन्सन यांच्या जागेत. जॉन्सन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. एप्रिलमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष हम्फ्री बर्लिनला येणार, तेव्हा त्यांच्यावर पुडिंग फेकण्याचा बेत या मंडळींनी केला, पकडले गेले, आणि आपल्या घरात काय चालले आहे हे जॉन्सन यांना वर्तमानपत्रातून समजले. त्यांनी शेजारी राहणाऱ्या ग्युंटर ग्रास यांना ही माणसे बाहेर काढण्याची विनंती केली. क्रांती आणि भाडेकरार यांची गाठ पडली की करार जिंकतो. असो. ही गोष्ट मला बाईंनी सांगितली तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. लांब राहणाऱ्या माणसाला घरची बातमी सर्वांत शेवटी आणि परक्या तोंडून कळते, हा तिच्यातला भाग तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

व्हायोलिनवाल्याची खोली कपाटांच्या बोळापलीकडे होती. दुरुस्त झालेले वाद्य तो रात्री दहाच्या आत तपासून पाही, म्हणजे एकच तार, एकच स्वर, पुन्हा पुन्हा. नियमाचा भंग नव्हता. दहानंतर तो थांबे. पण माझे लिहायचे तास नेमके तेच होते. मी सात महिने कानात कापूस घालून लिहिले. मे महिन्याच्या बैठकीत कशावरून तरी विषय निघाला आणि माझ्या तोंडून कापसाचे निघून गेले. मला वाटले तो ओशाळेल. तो रागावला. "सात महिने?" तो म्हणाला. "म्हणजे सात महिने तू मला असा माणूस समजत होतीस, ज्याला सांगून उपयोग नाही." मला हे उत्तर सुचले नसते. मी त्याला त्रास होऊ दिला नाही याचा मला छुपा अभिमान होता. त्याच्या हिशेबात मी त्याचा अपमान केला होता. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी तारा तपासू लागला. इतके सोपे होते ते.

त्या दिवसांत माझे रोजचे जाणे दालेमला होते. तिथल्या विद्यापीठाच्या परिसरात ईनेश्ट्रासे 22 ही एक इमारत आहे. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था ती हीच, आणि 1927 ते 1930 या काळात इरावती कर्वे ऑयगन फिशर यांच्या हाताखाली तिथे डॉक्टरेट करत होत्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतली विषमता आणि वंश यांचा संबंध असावा, हे त्या वातावरणातले गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. पुढे त्या संस्थेचे नाव नाझी काळातल्या वंशविज्ञानाशी कसे जोडले गेले, हे इमारतीवरचा फलक सांगतो. मी त्या फलकाशी पुष्कळदा थांबे. विशीतली एक मराठी मुलगी परक्या भाषेत आपल्या मार्गदर्शकाला 'तसे नाही' असे लिहून देते, आणि मला शेजारच्याला तार हळू वाजव म्हणायला सात महिने लागतात!

आमच्या इमारतीच्या दारासमोर पदपथात दोन 'श्टोल्परश्टाइन' होते. गुंटर डेमनिग या कलाकाराने नव्वदच्या दशकात सुरू केलेला हा उपक्रम. दहा सेंटिमीटर लांबरुंद पितळी पत्रा चढवलेला दगड, ज्याला नाझींनी घरातून नेले त्याच्या दारापुढे बसवलेला. वर नाव, जन्मवर्ष, कधी नेले, कुठे मारले. आणि बहुतेक दगडांवर सर्वांत आधी दोन शब्द : 'हिअर वोन्टे'. येथे राहत होता. येथे राहत होती. आमच्या 'वेगे'तला 'वोन' तो हाच. मराठीतले 'राहणे' त्याहून पसरट आहे. आपण घरात राहतो, मागे राहतो, आणि एखादी गोष्ट सांगायची राहते. तिन्हींना आपल्याकडे एकच क्रियापद.

9 नोव्हेंबर या तारखेला, 1938 मध्ये त्या रात्री ज्यूंची दुकाने आणि देवळे फोडली-जाळली त्या आठवणीत, पुष्कळ लोक आपापल्या दारचे हे दगड घासून चकचकीत करतात. बाई दरवर्षी करत. 2017 च्या त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी उतरले. त्यांच्याकडची पॉलिशची बाटली रिकामी होती. मला आठवले, आईने बॅगेत पितांबरीची एक पुडी कोंबली होती. निरांजन आणि समई मी नेलीच नव्हती, त्यामुळे ती तशीच पडून होती. देवांची भांडी घासायची भुकटी इथे वापरावी की नाही, मला ठरवता येईना. मी पदपथावर उकिडवी बसून आईला फोन लावला. आपल्याकडे रात्र झाली होती. मी दगडांचे फारसे समजावले नाही, उघड्यावरचे पितळ आहे, काळे पडले आहे, एवढेच विचारले. "आधी ओलं करून घे," आई म्हणाली. "मग चिमूटभर घे, जास्त नको. कापडाने गोल गोल. आणि लगेच पूस, नाहीतर डाग राहतात." मागे कसला तरी घोषणेसारखा आवाज येत होता. "टीव्ही चालू आहे," ती म्हणाली. "बाबा?" "झोपलेत. बरे आहेत." मी चिमूटभर घेतले, गोल गोल घासले. अक्षरे सोन्यासारखी वर आली.

नोव्हेंबर संपता संपता मावसभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक छायाचित्र टाकले आणि लगेच काढून घेतले, पण मी पाहिले होते. बाबा, दाढी वाढलेली, शर्टाची बटणे उघडी, छातीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पट्टी. बायपास 2 तारखेला झाली होती. 9 तारखेला आई रुग्णालयात होती. आवाज टीव्हीचा नव्हता.

मी फोनवर आईला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. तिचे उत्तर एकच होते : "तू घाबरू नयेस म्हणून." त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून होते. बाई पाणी प्यायला आल्या आणि बसल्या. मी सगळे सांगितले. मला वाटले होते त्या म्हणतील, किती वाईट, तुझ्यापासून लपवले. सांगून टाकणाऱ्यांच्या घरात मला पक्षकार मिळायला हवा होता.

"तू दर रविवारी फोन करतेस," त्या म्हणाल्या. "काय विचारतेस?"

"कशी आहेस."

"ती काय म्हणते?"

"ठीक."

"आणि ती विचारते तेव्हा तू?"

मी गप्प बसले. मागच्या वर्षभरात मी आईला काय सांगितले नव्हते? संशोधनवृत्तीचा तिसऱ्या वर्षाचा अर्ज नाकारला गेला होता. घरात दोन पुरुष राहतात हे तिला ठाऊक नव्हते. माझ्या फोनवरच्या घरात नेहमी तीन मुलीच होत्या. जानेवारीत मला न्यूमोनिया झाला होता आणि विद्यार्थ्याने रात्री टॅक्सी करून नेले होते. त्याही रविवारी मी 'ठीक' होते. तिला काळजी वाटू नये म्हणून. बाईंनी ग्लास विसळला आणि त्या झोपायला गेल्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. बोलणारे जर्मन आणि न बोलणारे आपण, हा धडा पर्यटनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतो. टपाल वर आणायचे काम माझ्याकडे होते. बर्लिनच्या जुन्या इमारतींत घरांना क्रमांक नसतात. पेटीवर आणि घंटेवर नाव असेल तरच पत्र पोहोचते, म्हणून आमच्या पेटीवर चार आडनावांची चिठ्ठी होती. फेब्रुवारी 2018 मध्ये बाईंच्या नावाचे नोंदणीकृत पत्र मी सही करून घेतले. पाकिटावर वकिलांचे नाव होते. बाईंनी ते न उघडता ओट्याच्या खणात टाकले. खण पूर्ण उघडला तेव्हा आत तसेच आणखी एक पाकीट मला दिसले.

दोन सोमवार गेले. वहीत मिठाचा आणि दिव्याच्या बिलाचा विषय झाला. 'कोणाला काय खुपते?' कोणी बोलले नाही. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते. मग मी बाईंना त्यांच्या नावाने हाक मारली. सतरा महिन्यांत पहिल्यांदा. व्हायोलिनवाल्याने मान वर केली. मी म्हणाले, "एक विषय लिहायचा राहिला आहे. खणातला."

घर नव्या मालकाने विकत घेतले होते आणि स्वतःच्या वापरासाठी ते रिकामे मागितले होते. आठ वर्षांहून जुन्या भाडेकरूला नऊ महिन्यांची मुदत द्यावी लागते, तेवढी दिली होती. त्यातले जवळजवळ तीन महिने खणात गेले होते. वय, आजार, इतकी वर्षे एकाच जागी, अशा कारणांनी हरकत घेता येते, पण तीही मुदतीच्या दोन महिने आधी. हे सगळे बाईंना माहीत होते. रस्त्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच ते समजावले होते. विद्यार्थी पांढरा पडला. "तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" असे तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांच्या 'तू'नंतर त्याच्या तोंडून अचानक 'तुम्ही' आले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही पोरं घाबरू नये म्हणून."

त्यावर वहीत काय लिहायचे कोणाला सुचेना. शेवटी व्हायोलिनवाल्याने वही ओढली आणि तारीख घालून पत्रांचा मजकूर उतरवून काढला. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे भाडेकरूंच्या संघटनेत गेलो. हरकत घेतली, भांडण कोर्टापर्यंत न जाता काही महिन्यांची वाढीव मुदत आणि थोडी रक्कम यावर मिटले. मी सप्टेंबर 2018 मध्ये परतले. बाई पुढच्या वसंतात उत्तरेला समुद्राकाठी बहिणीकडे गेल्या. त्यानंतर बर्लिनमध्ये भाड्यांना कमाल मर्यादा घालणारा कायदा 2020 मध्ये झाला आणि 2021 मध्ये घटना न्यायालयाने तो रद्दही केला, पण आमच्या घराला त्याचा उपयोग नव्हता. वह्या व्हायोलिनवाल्याकडे आहेत. खोक्याची न्हाणी नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात काढून टाकली, असे विद्यार्थ्याने कळवले.

गिरगावची चाळही पुनर्विकासात पाडली. आईबाबा सध्या भाड्याच्या घरात राहतात. न्हाणीघर स्वतंत्र आहे, त्याला कडी आहे. बाबा आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. बोलणे त्यांना कधी जमले नाही. फोन उचलला की "आईला देतो" एवढेच. मी हे लिखाण त्यांना वाचायला दिले, ऱ्हस्व-दीर्घ पाहायला म्हणून. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतले. परत दिले तेव्हा समासात पेन्सिलीच्या तीन खुणा होत्या. दोन शुद्धलेखनाच्या. तिसरी 'समोर मोरी उभी राहावी' या शब्दांखाली : "मोरीला कट्टा लागतो. काचेचा खोका म्हणजे मोरी नव्हे."

मी म्हटले, राहू दे. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"त्या फोनच्या वेळी मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले. "ही खाटेशेजारी उभी होती. तुला पितांबरी सांगत होती ना, तेव्हा चिमूट हाताने करून दाखवत होती. अशी."